आधी मला विचारायचं होतं

मी बरी झाल्यावर आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ मंडळींनी मला बोलायला बोलावलं. विषय दिला होता, 'उतारवयाने शिकवलेले धडे'. त्यांचे अध्यक्ष आधी घरी येऊन सांगून गेले, "ताई, आजारपणातून माणूस शांत होतो, सगळ्यांना माफ करायला शिकतो, तेवढं जरा सांगा. ऐकणाऱ्यांना बरं वाटतं."

मी हो म्हटलं आणि कार्यक्रमाला गेलेच नाही.

तिथं जे बोलले नाही ते इथं लिहिते आहे. मी शांत झालेली नाही आणि सगळ्यांना माफही केलेलं नाही. माझं नाव सुनंदा. बहुतेक नोकरी शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, घर लातुरात. आयुष्यभर वर्गात आवाज चढवला तो पोरांवर. मोठ्यांसमोर तो चढवायला साठी ओलांडावी लागली. माझ्या वयानं मला काही शिकवलं असेल तर ते एवढंच. कुणाला हा धडा कमी वाटला तर वाटू दे.

"या वयात होतं"

पाळी जाऊन मला बरीच वर्षं झाली होती. एका सकाळी कपड्यावर रक्त दिसलं. लपवलं नाही, लाजले नाही. त्याच आठवड्यात यशवंतरावांना, म्हणजे माझ्या पतींना, सांगितलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि यांना विचारलं, "कधीपासून होतंय यांना?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी उत्तर दिलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न पुन्हा यांनाच विचारला. असं तीन-चार वेळा झालं. जणू मी परगावची आहे, मला डॉक्टरांची भाषा येत नाही, आणि हे माझं भाषांतर करून राहिलेत.

"या वयात होतं कधीकधी. अंगात रक्त कमी आहे. गोळ्या देतो."

तपासलं नाही. पोटावर हातसुद्धा ठेवला नाही. गोळ्या संपल्या, पुन्हा रक्त गेलं, पुन्हा गेलो. "या वयात होतं." पुन्हा गोळ्या.

तिसऱ्या वेळी मी दवाखाना बदलला. तिथल्या बाई डॉक्टरांनी मला आत नेलं, तपासलं, आणि हात धुताधुता त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. म्हणाल्या, "मावशी, इतके दिवस घरी का बसलात? आधी का नाही आलात?"

आधी आले होते ना! दोनदा आले होते! हे मी तेव्हा बोलले नाही. खाली मान घालून बसले, जशी काही चूक माझीच होती. त्या बसण्याचा मला अजून राग येतो.

म्हणून हे वाचणाऱ्या बाईला आधीच सांगते. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी तपासून घ्या. वयाचं आहे असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा, न तपासता तुम्हाला कसं कळलं? मोठ्यानं विचारा. बाहेर बसलेल्या लोकांना ऐकू गेलं तरी चालेल.

रिपोर्टचा दिवस

गर्भपिशवीचा तुकडा तपासायला पाठवला होता. रिपोर्ट आणायला हे आणि आमचा मुलगा प्रशांत गेले. प्रशांत हैदराबादला नोकरीला. आठवड्याच्या मधल्याच वारी रजा काढून आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. मी म्हटलं, मीही येते. दोघंही एकदम म्हणाले, "तू कशाला दगदग करतेस?"

मी घरी तुरीची डाळ निवडत बसले. डाळ स्वच्छच होती, मी उगाच निवडत होते.

दोघं परत आले. हे चपला काढून सरळ न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडला. प्रशांत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. "आई, पिशवी काढावी लागेल म्हणाले. साधं ऑपरेशन आहे. काळजीचं काही नाही."

"रिपोर्टात काय आलंय?"

"तेच. पिशवी खराब आहे."

"खराब म्हणजे?"

"आई, आता तू टेन्शन घेऊ नको ना."

न्हाणीघरातला नळ चालूच होता. मी डाळीच्या ताटाकडं बघितलं आणि पुन्हा निवडायला लागले.

लोक मला नंतर म्हणाले, तुम्ही शिकलेल्या, शिक्षिका, तुम्हाला कळलं नाही हे कसं शक्य आहे? अर्धं कळलं होतं. कॅन्सर या शब्दाभोवती सगळे कसे पाय जपून चालत होते ते मला दिसत होतं. पण घरातली सगळी माणसं मिळून एक खोटं सांभाळत असली की ते फोडायचं धाडस होत नाही. आपल्यालाच वाटतं, बिचारे एवढी धडपड करून राहिलेत, राहू दे. मग त्या अर्ध्या माहितीसोबत तुम्ही एकट्याच राहता. भीती वाटते, पण कुणाजवळ बोलावं? ज्यांच्याजवळ बोलायचं तेच हसून म्हणतात, काही नाही झालेलं तुला.

बाकी सगळ्यांना माहीत होतं. माझ्या बहिणीला, शेजारच्या काकूंना, प्रशांतच्या सासरी. एक मीच तेवढी राहिले होते.

भेटायला येणारे

ऑपरेशन लातुरातच झालं. दुखलं, पण दुखण्याविषयी मी फार लिहीत नाही, ते ज्याचं त्याला कळतं. भेटायला येणाऱ्यांविषयी मात्र लिहायलाच हवं.

शाळेतले एक जुने सहकारी मोसंबीची पिशवी घेऊन आले आणि अर्धा तास जीवनाचं तत्त्वज्ञान सांगत बसले. एका नातेवाईक बाईंनी माझ्या पायाशी बसून यांना विचारलं, "खायला कोण करतंय तुम्हाला?" पोटाला टाके माझ्या, आणि चौकशी यांच्या जेवणाची! दुसरी एक म्हणाली, "आता पिशवी असली काय, नसली काय, या वयात तिचं काय काम होतं?"

माझ्या पोटात ती होती. प्रशांत तिच्यात वाढला होता. तिचं काय काम होतं ते मला विचारायला हवं होतं.

एक मात्र लिहिते, नाहीतर अन्याय होईल. त्या वॉर्डात समोरच्या खाटेवरची एक म्हातारी रोज सकाळी माझ्याकडं बघून फक्त "झोप लागली का?" एवढंच विचारायची. उत्तर ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. सल्ला नाही, मोसंबी नाही. मी तिच्या त्या एका प्रश्नाची वाट बघायची.

नांदेड

जखम भरल्यावर डॉक्टरांनी नांदेडला लाईट घ्यायला सांगितलं. आमच्याकडं रेडिएशनला लाईट देणं म्हणतात. नांदेडला माझी धाकटी बहीण रत्ना राहते, म्हणून आम्ही दोघं तिच्या घरी मुक्कामाला गेलो. यांनी मला सांगितलं होतं, "लाईट दिली की आतली जखम लवकर सुकते."

मी बरं म्हटलं.

पहिल्याच दिवशी पोटावर आणि कंबरेला शाईनं खुणा केल्या. या पुसायच्या नाहीत, अंघोळीत घासायच्या नाहीत, मशीन याच खुणांवर लागतं, असं बजावलं. मग बाहेर बाकांवर नंबर लावून बसायचं. माझ्या शेजारी एक बाई बसली होती. काळीसावळी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, नाकात दोन्हीकडं चमकी. पाण्याची बाटली तोंडाला लावून घटाघटा पीत होती, कारण मशीनखाली जाताना लघवी भरलेली लागते. बाटली खाली ठेवून ती माझ्याकडं वळली.

"अक्का, तुमाला कुठला कॅन्सर हाय?"

तो शब्द माझ्या तोंडावर म्हणणारं ते पहिलं माणूस.

माझ्या पलीकडून हे घाईनं म्हणाले, "यांना तसलं काही नाही. जखमेसाठी आलोत आम्ही."

ती बाई हसली. वाईट हसली नाही, मोकळी हसली. "मंग हितं काय करून राहिले? हितं समदे त्याचेच हायत. माझा पिशवीच्या तोंडाचा हाय. तुमचा?"

मी यांच्याकडं बघितलं. हे जमिनीकडं बघत होते.

"माझा पिशवीचा," मी म्हणाले.

"मंग शेजारीच हावोत की आपन," ती म्हणाली आणि बाटली माझ्यापुढं केली. "प्या. न्हाईतर मशीनवाला परत बाहेर काडतो."

ती नरसम्मा. देगलूरजवळच्या एका खेड्यातली. घरात थोडं तेलुगू, थोडं मराठी बोलणारी. धाकट्या मुलासोबत एसटीनं रोज ये-जा करायची.

त्या संध्याकाळी

रत्नाच्या घरी आल्यावर मी यांना समोर बसवलं.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सुनंदा, तू खचली असतीस."

"मी काय विचारलं?"

"सगळ्यांना," हे म्हणाले.

रत्ना ओट्याजवळ उभी राहून रडायला लागली. मी तिलाही म्हणाले, "तू रडू नको. मला अजून रडायला मिळालेलं नाही, आणि तुमचं सगळ्यांचं रडूनसुद्धा झालं."

प्रशांतला फोन लावला. तो म्हणाला, "आई, आम्ही तुझ्या प्रेमापोटी..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. "माझं पोट फाडलं तेव्हा काय काढून टाकलं हे मला माहीत नव्हतं, प्रशांत. तुला माहीत होतं. हे कुठलं प्रेम? उद्या तुझ्या पोटातून काही काढलं आणि मी सांगितलं आंबा काढला, तर चालेल तुला?"

तो हळूच म्हणाला, "चुकलं."

पुढं कितीतरी दिवसांनी मला कळलं की हे महिना-दीड महिना रोज न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. ते ऐकून मी विरघळेन असं रत्नाला वाटलं होतं. मी उलट जास्त चिडले. इतक्या वर्षांच्या संसारात प्रत्येक मयतीला आम्ही सोबत रडलो, आणि माझ्याच आजाराचं रडणं यांनी माझ्यापासून लपवून, भिंतीपलीकडं एकट्यानं उरकलं. तेही माझ्याशिवाय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत मी एकटी गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं सवयीनं शेजारच्या खुर्चीकडं बघून बोलायला सुरुवात केली. खुर्ची रिकामी होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "पहिल्यापासून सांगा. माझ्या नावानं सांगा."

तिनं सांगितलं. आजार लवकरच्या टप्प्यात सापडला होता, ऑपरेशन नीट झालं होतं, लाईट पूर्ण घेतली तर आशा चांगली होती. म्हणजे जी बातमी माझ्यापासून एवढी लपवली, तिच्यात अर्धी चांगली बातमीही होती. तीही मला कुणी दिली नव्हती.

कुलूप

लाईटचा दिनक्रम कंटाळवाणा असतो. जायचं, पाणी प्यायचं, वाट बघायची, गाऊन घालायचा, थंडगार पलंगावर पडायचं. काही मिनिटांत संपतं. काही दिवसांनी पोट बिघडतं, अंगातलं त्राण जातं. रत्ना मऊ भात आणि पातळ ताक द्यायची. भाकरी बंद. मला भाकरीची स्वप्नं पडायची.

मशीन मधूनच बंद पडायचं. आम्ही सगळ्या बायका पोटात पाणी भरून बसलेल्या, जुलाबानं हैराण, आणि बायकांच्या संडासाला कुलूप! किल्ली वॉचमनकडं. बायका घाण करतात म्हणून कुलूप लावलं, असं त्याचं म्हणणं. प्रत्येकीनं जाऊन, चारचौघांत, त्या बाप्याकडं किल्ली मागायची. एका बाईला किल्ली येईपर्यंत धीर निघाला नाही. तिनं पदर तोंडावर घेतला. तिची सून तिच्यावरच डाफरली.

मी उठले. वर्गातला आवाज काढला, तोसुद्धा शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "हे कुलूप आत्ता काढा. काढणार नसाल तर तुमच्या साहेबांना बोलवा. साहेब नसतील तर त्यांच्या संडासाची किल्ली द्या, आम्ही तिकडं जातो!"

हे मला म्हणाले, "अगं, बस. तुला त्रास होईल."

"मला बसून त्रास होतोय!"

नरसम्मा माझ्या शेजारी उभी राहिली. मग आणखी दोघी उठल्या. साहेब आले, त्यांनी मॅडम-मॅडम केलं, कुलूप निघालं. ते नंतर पुन्हा लागलं नाही, मी असेपर्यंत तरी. परत बाकावर बसताना नरसम्मा म्हणाली, "अक्का, लई भारी वरडता की तुमी. आदी कामून वरडत नव्हता?"



रिकामा बाक

एका सोमवारी नरसम्मा आली नाही. मंगळवारीही नाही. आत विचारलं तर मशीनवरचा मुलगा म्हणाला, "घरच्यांनी बंद केलं. आम्ही फोन केला होता."

तिचा नंबर माझ्याकडं होता. फोन तिच्या थोरल्या मुलानं, गंगाधरनं, उचलला. "मायला लई अशक्तपना आला मॅडम. खात न्हाई, नुसती पडून राहते. सोयाबीनची काढनी चालू हाय, तिच्यासंगं जायला मानूस न्हाई. आमी समद्यांनी बसून ठरवलं. आता वय झालं तिचं, घरीच सेवा करू म्हनलं."

"तिला फोन दे."

"झोपली हाय."

"तिनं काय ठरवलं?"

"तिला काय कळतंय, मॅडम?"

मी फोन ठेवला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल ती. मशीनची वेळ, पाण्याची वेळ, कुठल्या बाईचं काय दुखतं, सगळं तिला कळत होतं.

रविवारी मशीन बंद असतं. मी यांना म्हणाले, "मी देगलूरला जाते. तुम्ही अडवू नका." मला वाटलं होतं वाद घालतील. हे म्हणाले, "एकटी कशी जाशील? मी येतो." बसनं निघालो. रस्ता खराब, माझं पोट बिघडलेलं. यांनी मध्येच बस थांबवायला लावली, कंडक्टरशी स्वतः बोलले, आणि मी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला पाण्याची बाटली धरून उभे राहिले. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांचं बरंच सोडून दिलं.

नरसम्मा पत्र्याच्या पडवीत खाटेवर पडली होती. निम्मी झाली होती. मला बघून उठायला लागली. गंगाधर शेतातून आला होता, अंगाला सोयाबीनचा भुसा चिकटलेला. वाईट माणूस नव्हता तो. दमलेला होता, आणि आईचे हाल बघवत नव्हते त्याला. पण मला त्या दिवशी त्याची दया आली नाही.

"तू आईला विचारलंस का?" मी म्हणाले.

"तिला काय इचारायचं? तिचं भलं बघूनच..."

"हेच सगळे म्हणतात! माझ्या घरच्यांनीही हेच केलं. तुम्ही भलं बघता आणि आम्ही मरतो. तोंड आहे ना तिला? विचार तिला! माझ्यासमोर विचार!"

अंगणात शेजारचे लोक जमायला लागले. गंगाधरचा चेहरा लाल झाला. तेव्हा हे पुढं झाले. इतक्या दिवसांत मी त्यांना कुणासमोर असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्याच्याच बोलीत म्हणाले, "बाळा, मीपण हेच केलं. बायकोला कॅन्सर हाय हे बायकोलाच सांगितलं न्हाई. मला वाटलं मी तिला जपून राहिलो. खरं तर मलाच भ्या वाटत होतं. तू इचार तिला. लई अवघड न्हाई."

गंगाधर खाटेकडं वळला. अंगाचा भुसा झटकला. मग म्हणाला, "माये, जायाचं हाय का तुला?"

नरसम्मानं लुगड्याची गाठ जरा सैल केली आणि पोट दाखवलं. शाईच्या खुणा तशाच होत्या. थोड्या फिकट, पण तशाच.

"सुनबाय न्हाऊ घालाया लागली की मी म्हनते, हितं हात लावू नको," ती म्हणाली. "पुसू दिल्या न्हाईत. जायाचं नसतं तर कशाला राखल्या असत्या? पर इचारलं कुनी?"

मग मी रडले. रिपोर्टच्या दिवसापासून साठलेलं सगळं तिथं, त्या परक्या पडवीत, तिच्या खाटेचा माचा धरून रडले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि जास्त आजारी तर तीच होती.

प्रश्न राहिला सोबतीचा. मी म्हणाले, "माझ्या बहिणीकडं राहू दे. आम्ही दोघी सोबत जाऊ-येऊ." गंगाधर घुटमळला. आमचं आडनाव त्याला माहीत होतं. आमच्या घरी बुद्धाची मूर्ती असते हेही माहीत असावं. "तुमच्या घरी... मंजी, मायचं खानं-पिनं..." तो म्हणाला आणि थांबला.

मला कळलं त्याला काय म्हणायचं आहे ते. हे आयुष्यभर कळत आलेलं आहे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खाटेवरून नरसम्मा कडाडली.

"गप रे! त्या मशीनखाली समद्या सारख्याच नागड्या असतात. चल, माझं लुगडं भर पिशवीत."

सुट्टी

ती महिनाभर रत्नाकडं राहिली. तरुण डॉक्टरीण खंड पडल्याबद्दल चांगलीच रागावली, गंगाधरला बोलावून रागावली. खंड पडला की आजाराला फावतं, असं ती म्हणाली. माझी लाईट आधी संपली, पण तिची संपेपर्यंत मी लातूरला गेले नाही. तिच्याबरोबर बाकावर बसायची, तिची बाटली भरायची. संध्याकाळी रत्नाच्या गच्चीवर बसून ती मला तेलुगू शिव्या शिकवायची. पन्नास वर्षांत काही शिकले नव्हते इतक्या मन लावून मी त्या शिकले.

घरी परतल्यावर यशवंतराव माझ्या प्रत्येक तपासणीला येतात. डॉक्टर सवयीनं त्यांना काही विचारायला लागले की ते माझ्याकडं बोट दाखवतात. आम्ही पूर्वीसारखे झालो नाही. भांडतो जास्त. पण न्हाणीघरातला नळ आता अंघोळीलाच सुटतो. मागच्या वेळी तपासणीच्या आदल्या दिवशी हे माझ्यासमोर, चहा पिता पिता रडले. मी म्हटलं, रडा. मलाही भीती वाटतेय.

माझे रिपोर्ट आजवर चांगले आहेत.

या वर्षी

नरसम्माचे नाहीत. आजार परत आला, आणि आता छातीत पसरला आहे. गंगाधरनं स्वतः फोन करून सांगितलं. "मॅडम, या टायमाला आमी तिलाच फुडं बसवलं. डॉक्टरीन बाईनं समदं तिलाच सांगितलं."

"मग? केमोची इंजेक्शनं कधी सुरू करायची?"

"तुमी येऊन जा, मॅडम," तो म्हणाला.

मी पुन्हा देगलूरला गेले. तीच पडवी, तीच खाट. या वेळी मी भांडायच्या तयारीनं गेले होते. सगळी वाक्यं बसमध्ये जुळवून ठेवली होती. ती भिंतीला टेकून बसली होती. मी तोंड उघडण्याआधीच तिनं हात वर केला.

"वद्दु, अक्का," ती म्हणाली. नको. "मीच न्हाई म्हनले. ह्यांनी न्हाई. डॉक्टरीन बाईनं इचारलं, सुया घ्यायच्या का, किती दिस वाढतील, काय तरास होईल, समदं सांगितलं. मी दोन रोज इचार केला. मंग न्हाई म्हनले."

"का?"

"आता घरी राह्याचं हाय."

"पहिल्या वेळी खंड पडला नसता तर..."

"आसंल," ती म्हणाली. "नसंलबी."

मला तिच्याशी भांडता येईना. ज्यासाठी मी त्या अंगणात ओरडले होते तेच तिला मिळालं होतं, आणि तिनं ते असं वापरलं. हा तिचा हक्क आहे, हे मला कळतं. तरी मी चिडले. तिच्या खाटेवर बसून मी मोठ्यानं बोलले, त्या सोयाबीनच्या काढणीला बोलले, गंगाधरला बोलले, न तपासता गोळ्या देणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना बोलले, तिलाही बोलले. ती ऐकत राहिली. कुणी मला थांबवलं नाही.

मी थांबल्यावर ती म्हणाली, "झालं? आता जेवा. सुनबाय, ताट कर अक्काला."

वरणभात आणि अंबाडीची भाजी होती. आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो. तिनं दोन घास घेतले आणि हात धुतला. मला खूप भूक लागली होती. मी पोटभर जेवले, आणि मला त्याचाही राग आला.